सरहद्द आणि सैन्य : बाबासाहेबांच्या एका युक्तिवादाची चिकित्सा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. लाहोर ठरावाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. फाळणीच्या वादात त्यातील उतारे पुष्कळांनी वापरले. संरक्षणविषयक प्रकरण मात्र उपेक्षितच राहिले, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेब राष्ट्रीयत्व आणि राष्ट्रवाद यांत भेद करतात. आपण एक आहोत ही जाणीव म्हणजे राष्ट्रीयत्व. तिला स्वतंत्र अस्तित्वाची आकांक्षा जोडली गेली म्हणजे राष्ट्रवाद. अशी आकांक्षा जागी झालेल्या लोकांना एका सरहद्दीत कोंडल्याने देश सुरक्षित होत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. म्हणूनच वायव्येचे डोंगर हातचे जातील या भयाला ते फारशी किंमत देत नाहीत. सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य बरे, हा त्यांचा कौल होय.

येथे थोडे थांबावे लागते. सैन्यातील पंजाबचे वर्चस्व हे १८५७ मधील इंग्रजनिष्ठेचे फळ असून ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त पोकळ आहे, हे याच प्रकरणात ते दाखवून देतात. (याच सिद्धान्ताने महारांची भरती बंद पाडली, हे आमच्या वाचकांस सांगणे नको.) अफगाणिस्तानातून स्वारी झाल्यास मुसलमान शिपाई कोणाच्या बाजूने लढेल, हा प्रश्न मात्र ते जमातीवरून सोडवतात. खिलाफतीचा अनुभव त्यांच्यासमोर होता, हे आम्ही जाणतो. तरीही शौर्य जन्माने ठरत नसेल, तर निष्ठा तरी जन्माने कशी ठरावी?

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. क्षेत्रफळ, लोकसंख्या व महसूल मांडून हिंदुस्थानची साधने सरस ठरतील, असे ग्रंथ म्हणतो. हिशेब चुकीचा नाही. पण तो एकट्याचा आहे. शेजाऱ्याने आत्मरक्षणार्थ उचललेले शस्त्र आपणांस धमकी भासते आणि आपले त्याला. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये या पेचास ‘सिक्युरिटी डिलेमा’ म्हटले. त्याची किंमत बाबासाहेबांनीच ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात आकड्यांत मांडली : साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर! यामागे काश्मीर व पूर्व बंगालचे प्रश्न आहेत, असेही ते सांगतात. हिंदू व बौद्ध प्रदेश भारताला आणि मुस्लीम प्रदेश पाकिस्तानला द्यावा, ही काश्मीरविषयक सूचना म्हणजे १९४० चेच सूत्र, लहान नकाशावर. पण तेथेच दुसरा पर्यायही आहे : फक्त खोऱ्यात सार्वमत घ्यावे. निष्ठा गृहीत न धरता माणसाला विचारून घेण्याची ही वाट सैन्याच्या प्रकरणात मात्र आम्हांस आढळली नाही.