वीरगळ आणि नामफलक

रणांगणावर पडलेल्या जवानाचे नाव रस्त्याला अथवा पुलाला देणे ही आता आपल्या सार्वजनिक जीवनातली परिचित रीत झाली आहे. रीत चांगली आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु चांगल्या रीतीचीही परीक्षा करावी लागते. किंबहुना जिच्याभोवती श्रद्धेचे वलय असते तिची परीक्षा सहसा कोणी करीत नाही, म्हणूनच ती अधिक अगत्याची. देवळात नित्य पूजा होते एवढ्यावरून उपचारांत काही उणे राहिले नाही, असे जाणता पुजारी समजत नाही. त्याच भावनेने आपण या नामकरणाच्या उपचाराकडे पाहू.

त्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील वाचकाला ते कोठे आहे हे सांगावे लागेल. बोरगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. हे बोरगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातले, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. बोरगावात औद्योगिक वसाहत आहे, रेमंडची कापडगिरणी आहे, आणि हमरस्त्यावर मालमोटारींची रीघ आहे. या भागात घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला मात्र दोन्ही भाषांचे लोक एकाच रांगेत उभे राहतात.

असे गाव निवडण्याचे कारण हे, की नामफलकाचे सारे प्रश्न येथे एकत्र भेटतात. एकीकडे परगावचा प्रवासी वेगाने निघून जातो तो हमरस्ता, दुसरीकडे गावचे मूल शाळेत जाते ती वाट. एकीकडे राज्याची भाषा, दुसरीकडे आईची. आणि प्रश्न दूरचाही नाही. ४ मे २०२४ रोजी पूंछ भागात वायुसेनेच्या वाहनांवर हल्ला झाला, त्यात धारातीर्थी पडलेले कॉर्पोरल विकी पहाडे छिंदवाड्याजवळच्या नोनिया करबलचे होते. उद्या बोरगावात अथवा आसपासच्या कोणत्याही गावी एखाद्या मार्गाला जवानाचे नाव देण्याचा ठराव आला, तर त्या पाटीवर काय लिहावे आणि ती कोठे लावावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण पुष्कळदा परदेशी स्मारकांकडे पाहतो. वस्तुतः उत्तराचा आरंभ आपल्या देवळांच्या आवारातच झालेला आहे. महाराष्ट्रात आणि गोमंतकात जुन्या शिवालयांजवळ, गावाच्या वेशीवर, कधी झाडाच्या बुंध्याशी वीरगळ उभे असतात. त्यांची रचना बहुतेक ठिकाणी सारखी. तळाच्या चौकटीत युद्ध व वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि शिरोभागी चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, या अर्थाचे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. गोव्यात कदंबकालीन वीरगळ सापडले, त्यांतही जहाजे आणि त्यांवर लढणारे योद्धे दिसतात. दगडावरची वल्हीसुद्धा मोजता यावीत इतक्या निष्ठेने त्या शिल्पकाराने प्रसंग सांगितला आहे.

तथापि एका गोष्टीत हे स्मारक आपल्याला रिकाम्या हाती परत पाठवते. आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर नाव नाही. एकसरचा रणसंग्राम शिलाहार-यादवांच्या संघर्षाशी जोडला जातो. पण त्या होडीत उभा राहून लढलेला माणूस कोण, त्याची आई कोणत्या गावची, हे कोणी सांगू शकत नाही. शेजारच्या कर्नाटकात लेख कोरण्याची चाल होती, तेथे वेगळे घडले. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्याचा एक शिलालेख आहे. मणलेर नावाच्या योद्ध्याची हकीकत त्यात आहे, आणि रानडुकराशी झुंजत मेलेल्या त्याच्या कुत्र्याचीही. त्या कुत्र्याचे नाव काळी होते, हे हजार वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे. एकसरच्या वीरांचे नाव मात्र ठाऊक नाही. कोरलेल्या चार अक्षरांचे मोल यावरून कळावे.

आता आजच्या नामफलकाकडे वळू. त्याची उणीव नेमकी उलट आहे. त्यावर नाव असते आणि दुसरे काहीच नसते. 'शहीद अमुक मार्ग' एवढीच अक्षरे. तो कोणत्या पलटणीत होता, कोठे पडला, कोणत्या साली, कोणते काम करताना, याचा मागमूस नाही. वीरगळात कृती राहिली आणि कर्ता हरवला. पाटीवर कर्ता राहिला आणि कृती हरवली. पहिली उणीव काळाची म्हणता येईल, दुसरी केवळ आपल्या आळसाची आहे.

कृती सांगितल्याने काय साधते, हे परमवीर चक्राचे मानकरी रामा राघोबा राणे यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. राणे कारवारजवळचे, बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराकडून राजौरीकडे निघालेल्या भारतीय रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे पाडून अडवली होती. राणे यांनी जखमी अवस्थेत, गोळीबारात, दिवसरात्र खपून ती मोकळी केली. रणगाड्याखाली सरपटत जाऊन दोरीच्या खुणांनी चालकाला दिशा दाखवली. म्हणजे रस्ता करणे हाच त्यांचा पराक्रम. ते त्या युद्धातून वाचले आणि १९९४ साली वारले. कारवारला त्यांचा पुतळा आहे, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारातील २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली त्यांत त्यांचेही एक बेट आहे. परंतु ८ एप्रिलला पहिल्याच माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोन जवान ठार झाले. सन्मानपत्रात त्यांचा उल्लेख आहे, तो संख्येने. रस्ता त्यांनीही केला होता. बेटे परमवीरांना मिळाली हे यथायोग्यच. पण गावोगावच्या वाटा आहेत त्या खरे तर अशा दोघांसाठी.

मोठ्या रस्त्याला दिलेले नाव टिकते, हाही एक भ्रमच आहे. पुण्यात जंगली महाराजांसारख्या सत्पुरुषाच्या नावाचा रस्ता 'जे. एम. रोड' झाला, मुंबईत स्वामी विवेकानंदांचा 'एस. व्ही. रोड' झाला. रहदारीला घाई असते, आणि घाईत प्रथम माणूस गळतो, मग केवळ आद्याक्षरे उरतात. संतांची ही गत, तर विशीतल्या शिपायाची काय असावी?

याच्या उलट काही नावे टिकली आहेत, आणि ती का टिकली हे पाहण्यासारखे आहे. विलेपार्ल्याच्या उड्डाणपुलाला १९९५ साली काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेले कॅप्टन विनायक गोरे यांचे नाव आहे. त्यांच्या मातोश्री अनुराधाताई गोरे यांनी सैनिकांच्या जीवनावर मराठीत पुस्तके लिहिली; पुलाचे नाव आणि लिहिलेला शब्द यांनी एकमेकांना आधार दिला. बोरगावकर नागपुरास गेला तर सीताबर्डीत त्याला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल दिसतो. ते गोवारी सैनिक नव्हते. २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्च्यात चेंगरून गेलेल्या ११४ जणांची ती आठवण आहे. दरवर्षी त्या तिथीला त्यांचे लोक तेथे जमतात, म्हणून ते नाव जिवंत आहे. पणजीच्या १८ जून रस्त्याचे नाव तर केवळ तारीख आहे. पण ही तारीख कसली, असे मुलाने विचारले की गोमंतकीय बाप त्याला १९४६ सालचे मडगाव आणि डॉ. लोहिया सांगतो. साताऱ्याकडचे अपशिंगे गाव पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान गमावून बसले. आज ते 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते, आणि त्याचा अर्थ तेथल्या मुलाला विचारावा लागत नाही. पुस्तक असो, तिथी असो, बापाचे उत्तर असो, नावाला कथेची सोबत लाभली की ते टिकते. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करावी लागते, तशी नावातही.

पाटीवरच्या 'शहीद' या शब्दाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. तो अरबीतून आलेला, आणि हिंदी प्रदेशात रुळलेला. मराठीत सावरकरांनी 'हुतात्मा' हा शब्द दिला. ज्याने आत्मा आहुतीप्रमाणे अर्पण केला तो, अशी त्यामागची यज्ञाची प्रतिमा. भारतीय सेनेने मात्र २०२२ साली आपल्या विभागांना कळवले, की जवानांच्या बाबतीत धर्मासाठी मरण्याचा अर्थ सुचवणारा 'मार्टिर' हा इंग्रजी शब्द वापरणे उचित नाही. ते कर्तव्य बजावताना कामी आले, असेच म्हणावे. या सूचनेत शहाणपण आहे. विशेषण जितके मोठे, तितकी माहिती देण्याची गरज कमी वाटू लागते. 'शहीद' लिहिले की लिहिणाऱ्याला आपले काम संपल्यासारखे वाटते. 'सुरुंग काढताना कामी आला' असे लिहिले की वाचणारा क्षणभर थांबतो.

नामकरणाने काय होते, त्यापेक्षा त्याच्या घरच्यांकडे पाहा, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे, पण अपुरा. निवृत्तिवेतन हा घरच्यांचा हक्क आहे. तो दिल्याने स्मरणाचे ऋण फिटत नाही, आणि पाटी लावल्याने तो हक्क पुरा होत नाही. आपल्या धर्मशास्त्रात देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही वेगवेगळी सांगितली आहेत. एक फेडून दुसरे सुटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी नावे पुसून नवी दिली, तर गावाची स्मृती एका बाजूने वाढते आणि दुसऱ्या बाजूने झिजते. पाणवठ्याची वाट, देवळाची वाट ही नावेही कोणाच्या तरी पायांनी घडलेली आहेत. यास्तव शक्य तेथे नवा पूल, नवी वाट यांनाच नाव द्यावे. जुने नाव मोडून हुतात्म्याचा सन्मान होत नाही.

तेव्हा बोरगावच्या ठरावात काय असावे? नाव हमरस्त्याला मिळावे असा आग्रह धरू नये. तेथून रोज हजारो जण जातील, पण कोणी थांबणार नाही. जवान ज्या वाटेने शाळेत गेला, अथवा ज्या ओढ्यावर पूल नसल्यामुळे पावसाळ्यात अडून राहिला, ती जागा निवडावी. पाटीवर त्याचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण लिहावे, कारण मराठी माणसाच्या नावात बाप असतो, आईचेही लिहावे. खाली पलटण, जागा, तिथी आणि त्याने काय केले याचे एक साधे वाक्य. हे सारे हिंदीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत असावे. लिपी एकच असल्यामुळे ते कठीण नाही. राज्याने त्याला हिंदीत गौरवावे हे योग्यच. पण ज्या भाषेत आईने त्याला हाक मारली, ती भाषा त्याच्याच पाटीवर उपरी ठरू नये. आणि ती वाट नीट राखावी. खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याच्या तोंडाशी वीराचे नाव उभे करणे हा सन्मान नव्हे, त्याच्या नावाने केलेली हेळसांड आहे.

एवढे लिहायला पाच-सहा ओळी पुरतात. जुन्या शिल्पकाराला एक वीरगळ घडवायला किती दिवस लागले असतील, याचा विचार केला म्हणजे पाच-सहा ओळींची आपली कंजुषी अधिकच डोळ्यांत भरते. पूर्वजांनी प्रसंग राखला, नाव राखायचे राहिले. आपल्याला दोन्ही राखता येतात, आणि ते न करण्यास आपल्यापाशी सबब नाही.