सुई पुन्हा ठेवा

‘दैवी’ या शब्दावर मराठी रसिकांनी निदान दहा वर्षं बंदी घालावी, अशी माझी सूचना आहे. त्याच्या जोडीनं ‘अंगावर काटा आला’, ‘शब्दच नाहीत’ आणि ‘असं गाणं पुन्हा होणे नाही’ यांनाही सक्तीच्या रजेवर पाठवावं. गोराईतल्या आमच्या श्रवणबैठकीत अलीकडेच उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला होता. बाजू संपल्यावर बोलणं रंगलं ते खाँसाहेबांच्या अबोल स्वभावावर, १९७४मध्ये कोलकात्यात झालेल्या त्यांच्या अपघाती मृत्यूवर आणि कुणाच्या तरी काकांनी त्यांना कुठे ऐकलं होतं यावर. मारव्याबद्दल एक वाक्य निघालं नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं आम्ही ऐकलं ते काय?

हा एका बैठकीचा दोष असता, तर लेख लिहिला नसता. ध्वनिमुद्रण ऐकून त्यावर चार जाणत्यांशी बोलणं ही आपल्याकडे एक कला होती, निदान होऊ घातली होती. ‘एकलव्य’ या नावानं लिहिणारे केशवराव भोळे गायकाच्या गळ्याचं, लयीचं, मांडणीचं वर्णन इतकं नेमकं करत, की वाचणाऱ्याला मान्य करायला किंवा भांडायला काहीतरी हातात मिळे. वामनराव देशपांड्यांनी १९६१च्या ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या तोलावर अख्खी घराणी मांडून दाखवली. ती मांडणी पटो न पटो, तिच्याशी वाद घालता येतो. अशोक रानड्यांनी तर ‘शब्दच नाहीत’ म्हणणाऱ्यांची सबबच काढून घेतली. त्यांनी शब्द घडवून दिले. आपण या तिघांचा वारसा सांगतो आणि वागतो मात्र भलत्याच माणसाच्या वाटेनं. प्रा. बी. आर. देवधरांच्या ‘थोर संगीतकार’मधून आपण फक्त किस्से उचलले. देवधरांनी ते गवई समोर बसून ऐकले होते. किश्शामागे त्यांचा जाणता कान उभा होता. आपण कान तिथेच ठेवला आणि किस्सा घरी आणला.

आज ध्वनिमुद्रणांवर बोलणाऱ्यांचे जे पंथ दिसतात, त्यांतले बहुतेक चटकन निकालात काढता येतात. घराण्याचे शिपाई ऐकण्याआधीच निकाल देतात, त्यांना तबकडीची गरजच नाही. चाळीस सेकंदांची तान कापून मोबाइलवरून सगळ्यांना धाडणारे तिच्याआधीची सगळी बढत फेकून देतात. जुन्या तबकडीची खरखर पुसता पुसता गायकाचा श्वासही पुसणारे ‘स्वच्छता’वाले आवाजाची इस्त्री करतात, एवढंच. सूचीकारांना मात्र नमस्कार केला पाहिजे. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं आणि सुरेश चांदवणकरांसारख्या तिच्या कार्यकर्त्यांनी तबकड्या जमवल्या, नोंदल्या, लोकांना ऐकवल्या. मायकेल किनियर यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मुद्रणांची सूची सिद्ध केली. पण सूची म्हणजे दार. आपल्यातले काही जण दाराच्या रंगावर, म्हणजे लेबलावर आणि क्रमांकावर, संध्याकाळ काढतात आणि आत जात नाहीत.

आत जाणारे थोडे आहेत, आणि माझी भिस्त त्यांच्यावर आहे. त्यांची पद्धत साधी आहे. ते एकच तबकडी पुन्हा लावतात, मग दुसरी शेजारी ठेवतात आणि विचारतात, इथे काय केलंय?

तीन-सव्वातीन मिनिटांची ७८ फेऱ्यांची बाजू घ्या. ती चौकट सगळ्यांना सारखी. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐका. वेळ थोडा आहे याची घाई कुठेच नाही. स्वर लागतो, टिकतो, हळूच पुढच्याकडे सरकतो. राग दाखवून संपवायचा आहे, असं त्यांना वाटतच नाही. तीन मिनिटांत तीन मिनिटांचंच गायचं, हा त्यांचा निर्णय. आता केसरबाई केरकरांची भैरवी लावा. चौकट तीच, पण बाईंनी मोठ्या मांडणीची घट्ट वीण तिच्यात आणली आहे. आकार भरदार, तानेचा एक पेच सुटण्याआधी दुसरा पडलेला, आणि मुखड्यावर येणं इतकं बिनबोभाट की लय त्यांच्या आज्ञेत असल्यासारखी वाटते. खाँसाहेबांनी वेळ विसरायला लावला, बाईंनी वेळ ठासून भरला. एकाच अडचणीची ही दोन उत्तरं शेजारी ठेवली, की किराणा आणि जयपूर या घराण्यांच्या नावांना कानात अर्थ येतो. आपल्या बैठकांत काय होतं? ही भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. मग त्या भैरवीत बाई दम कुठे घेतात ते विचारा. शांतता!

अमीर खाँसाहेबांच्या त्या मारव्याकडे येतो. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, हे पाठ्यपुस्तकातही आहे. खरी मेख षड्जात आहे. तानपुरा षड्ज अखंड पुरवतो आणि गायक त्याच्यापासून लांब राहतो. मंद्रातला निषाद, धैवत, मग रिषभ असं तो घुटमळतो, घर समोर दिसत असून उंबरठ्यावर थांबतो. खाँसाहेबांनी झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत हा थांबा इतका लांबवला आहे, की षड्ज अखेर येतो तेव्हा तो नुसता स्वर राहत नाही, सुटका होते. पहिल्या काही आवर्तनांत षड्जावर ते किती वेळा विसावतात, आणि रिषभावर किती? सरगम येते ती चमकण्यासाठी की बढतीची पुढची पायरी म्हणून? आमच्या बैठकीत या प्रश्नांवर भांडण झालं असतं, तर मी घरी खुशीत गेलो असतो.

किशोरी आमोणकरांच्या भूपाचंही तसंच. ‘सहेला रे’ला टाळ्या आहेत, डोळ्यांत पाणी आहे. त्याच भूपातला ‘प्रथम सुर साधे’ हा विलंबित ख्याल मात्र अनेकांना आठवत नाही. द्रुतात जो गंधार इतका आपलासा वाटतो, त्याची ओळख विलंबितात करून दिलेली असते. पहिला भाग गाळून दुसऱ्यावर रडणाऱ्यांचं रडणं मला खरं वाटत नाही.

हे असं बोललं, की एक जुना रसिक घसा खाकरतो. ‘ध्वनिमुद्रण म्हणजे फोटो. खरं गाणं मैफलीत. आम्ही ऐकलंय.’ या ‘आम्ही ऐकलंय’नं मराठी संगीतचर्चेचं जेवढं नुकसान केलं, तेवढं बेसुऱ्यांनीही केलं नसेल. मैफलीची आठवण तपासता येत नाही. ती दर वर्षी सुरेल होत जाते. ध्वनिमुद्रण मात्र पुन्हा लावता येतं आणि आपलं विधान चुकीचं ठरवू शकतं. अनेक रसिकांना ते नकोसं वाटतं ते त्यात गाण्याचा प्राण नसतो म्हणून नव्हे. त्यात पुरावा असतो, म्हणून.

आणि मैफल कुणाची? ऐंशीच्या दशकात म्हाडानं जागतिक बँकेच्या साहाय्यानं गोराई-चारकोपला भूखंड पाडले आणि गिरगाव, परळच्या चाळींतून माणसं इकडे आली. बाजाची पेटी आली, गाण्याचे अड्डे तिकडेच राहिले. दादरची मैफल संपवून धीमी लोकल पकडायची, बोरिवलीला उतरून पुन्हा रिक्षाची रांग लावायची, हा हिशेब ज्याला रोज मांडावा लागतो, त्याला ‘मैफलीला या’ म्हणणं सोपं आहे. त्यात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. नियम योग्यच आहेत. पण त्यामुळे रात्रभराच्या बैठका आटल्या आणि दरबारी, अडाणा, मालकंस त्यांच्या वेळेला ऐकायचे तर बहुतेकांना ध्वनिमुद्रणाशिवाय वाट उरली नाही. गोराईतल्या पंचविशीच्या मुलीसाठी अमीर खाँसाहेब म्हणजे ते मुद्रणच. तिला ‘तू खरं गाणं ऐकलंच नाहीस’ म्हणणारा माणूस वारसा सांगत नसतो; तो दारावर पहारा देत असतो.

तरीही मुद्रणावर आंधळा विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. तेही खोटं बोलू शकतं, पण त्याचं खोटं पकडता येतं. सुरुवातीच्या काळात तबकड्यांचा वेग सगळीकडे एकसारखा नव्हता. ७४ फेऱ्यांनी घेतलेली तबकडी ७८नं वाजवली, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढते. काळी एकचा गवई पांढरी दोनला जाऊन बसतो आणि त्याची तान आहे त्यापेक्षा चपळ वाटते. अमक्या खाँसाहेबांचा आवाज किती उंच आणि तमक्या बाईंची तान किती जलद, यावर हिरिरीनं बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी वेग तपासला? मैफलीच्या आठवणीलाही असाच वेग असतो, फक्त तो मोजायचं यंत्र कुणाकडे नाही.

‘संगीत शब्दांत मांडता येत नाही’ हे शेवटचं अस्त्र. मान्य, सगळं मांडता येत नाही. भात शिजला की कच्चा राहिला, हे सांगायलाही चव पूर्ण शब्दांत उतरावी लागत नाही. सम कुठे आली, स्वर कुठे टाळला, शब्द कुठे तोडला, हे सांगता येतं. जे सांगता येतं तेही न सांगता गूढाच्या आड बसणं हा आळस आहे, आणि त्याला भक्तीचं नाव देणं ही लबाडी.

म्हणून बैठका भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. एका संध्याकाळी सात तबकड्या वाजवू नका. एकच लावा. ती संपेपर्यंत कुणी मान डोलावली तरी चालेल, पण ‘वा’ म्हटलंच, तर कोणत्या आवर्तनाला ते सांगायची तयारी ठेवा. गायकाचं चरित्र दाराबाहेर ठेवा. दोघांचं मत जुळलं नाही, तर वयानं मोठा कोण ते पाहू नका. सुई पुन्हा त्याच जागी ठेवा आणि ऐका. त्यात कुणा ज्येष्ठाची पन्नास वर्षांची आठवण खोटी ठरली, तर ती ठरू द्या.