कौटिल्याचा शुल्काध्यक्ष : एक परामर्श

कौटिलीय अर्थशास्त्र आर. शामशास्त्री यांनीं 1909 सालीं हस्तलिखितावरून मुद्रित केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील शुल्काध्यक्षाचा अध्याय बहुधा राजकोशाच्या उत्पन्नाचें प्रकरण म्हणून वाचण्यांत येतो. आमच्या मतें हें वाचन अपुरें आहे. मालावरील जकातीचे दर पुढील अध्यायांत येतात. येथील मुख्य विषय लबाडीच्या बंदोबस्ताचा आहे.

सरहद्दीवरील अंतपाल माल पारखून, त्यावर खूण व मुद्रा करून तो शुल्काध्यक्षाकडे पाठवितो. शुल्कशालेंत चार-पांच जण व्यापारी कोण, कोठील, माल किती, मुद्रा कोठें झाली, हें लिहून घेतात. शिवाय व्यापाऱ्याच्या वेषांतील हेर राजास निराळी बातमी देतो. मुद्रा नसल्यास दुप्पट, बनावट असल्यास आठपट दंड. जकातीच्या भयानें माल वा किंमत कमी सांगितल्यास अधिक निघेल तें राजानें घ्यावें, अथवा आठपट शुल्क वसूल करावें. विशेष हें कीं, दोष झांकणारा अध्यक्षही आठपट दंडांतून सुटत नाहीं.

भारताच्या 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमांतही, 111 व्या कलमान्वयें, दाखल केलेल्या किंमतीशीं न जुळणारा माल जप्तीस पात्र ठरतो. बीजकांत किंमत कमी-अधिक लिहून पैसा परदेशीं नेणाऱ्यांस पकडण्यासाठीं दोन्ही देशांच्या नोंदी ताडून पाहतात. एका नोंदीची साक्ष दुसरीनें तपासावी, हें तत्त्व दोहोंकडे एकच. तथापि साम्य येथेंच संपतें. कौटिल्याची दृष्टि बुडणाऱ्या शुल्कावर आहे. गुन्ह्याचा पैसा व्यापाराच्या आडून उजळ करणें, हा 2002 च्या कायद्यांतील विचार त्याच्या मुखीं घालणें म्हणजे इतिहास नव्हे.

अध्यायाची खरी उणीव निराळीच आहे. तो विधि सांगतो; वहिवाट सांगत नाहीं. हे नियम कोणत्या नाक्यावर किती पाळले गेले, याचा निर्णय त्यावरून होत नाहीं. वहिवाट कळते ती कागदांवरून. बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असें शिवाजी महाराजांनीं 1671 सालीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलें. तें एक पत्र राहिलें म्हणून त्या सरहद्दीवरील धोरण आज कळतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सनदा व राजपत्रें जपतांना जकातीचीं दस्तकें व नाक्यांच्या वह्या रद्दींत टाकूं नयेत. दुसरी नोंद नष्ट झाली, तर पहिलीचें खरेंखोटें कोणी ठरवावें?