प्रीतिसंगमावरील समाधी आणि ‘कृष्णाकाठ’ : एक चिकित्सक वाचन

सार्वजनिक स्मारक ही एक संहिता मानली, तर साहित्यकृतीप्रमाणेच तिच्यात काय निवडले आणि काय वगळले, या दोहोंची चिकित्सा करावी लागते. कराड येथील यशवंतराव चव्हाण यांची समाधी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कृष्णा आणि कोयना या नद्या येथे समोरासमोर येऊन मिळतात. म्हणून हे स्थळ प्रीतिसंगम या नावाने ओळखले जाते. घाट, नदीपात्र आणि उद्यान यांच्या सान्निध्यात ही समाधी आहे. राजघाट, शांतिवन व विजयघाट यांमुळे राष्ट्रीय नेत्यांची स्मृती दिल्लीत यमुनाकाठी एकवटली. संरक्षणमंत्री व उपपंतप्रधान राहिलेल्या चव्हाणांचे निधनही २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीतच झाले. त्यांची स्मृती मात्र कृष्णाकाठी स्थिरावली.

त्याच वर्षी त्यांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. त्याचे कथन १९४६ साली, मुंबईच्या राजकारणात प्रवेश होताना, थांबते. पुढील ‘सागरतीर’ व ‘यमुनाकाठ’ हे संकल्पित खंड लिहून झाले नाहीत. ग्रंथ आणि समाधी यांतील साम्य येथे लक्षात येते. दोन्ही ठिकाणी मातीशी नाते सांगणारा सुपुत्र ठळकपणे भेटतो. राज्यकर्ता धूसर राहतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून शैक्षणिक सहलीने येणाऱ्या विद्यार्थ्याचा संबंध मुख्यतः या धूसर राहिलेल्या राज्यकर्त्याशीच आहे. चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कसवलत मिळाली आणि १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. विद्यापीठ, शुल्कसवलत व जिल्हा परिषद यांतून घडलेल्या पिढ्यांचे ऋण कृष्णेच्या घाटावर आपोआप उमगत नाही.

ऋणाबरोबर प्रश्नही येतो. १९५३ च्या नागपूर करारावर चव्हाणांची स्वाक्षरी होती आणि त्यात मराठवाड्याच्या विकासाविषयी आश्वासने होती. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्येच सादर झाला. आत्मचरित्र, अहवाल आणि निधन यांचे वर्ष एकच असावे, हा योगायोग होय; तथापि या तिन्हींचे एकत्र वाचन केल्याशिवाय चव्हाणांच्या कार्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

स्मृतिदिनी सर्व पक्षांचे नेते येथे नतमस्तक होतात. २०१९ व २०२३ मधील पक्षीय संघर्षाच्या काळात शरद पवारांनीही येथे येऊन वारशाचा उच्चार केला. अशा प्रसंगी समाधी राजकीय वैधतेचे प्रमाणपत्र ठरते आणि मूळ प्रश्न मागे पडतात.

सारांश, प्रीतिसंगमाचे निसर्गसौंदर्य मनाला शांतवणारे आहे. परंतु त्या शांततेत चिकित्सा मावळू नये. अलिखित राहिलेल्या दोन खंडांचा आशय वर्गात उभा करणे हे अध्यापकाचे कार्य होय. तसे झाले नाही, तर हिंगोलीच्या विद्यार्थ्यासाठी ही समाधी सहलीतील एक थांबा एवढीच उरेल.