देणगी आणि देणं : क्षयरोगाच्या लढ्यातल्या कंपन्या



आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटणार नाही, पण आहे तिथलाच. क्षयरोगाविरुद्धच्या लढ्यात खासगी कंपन्यांना सामील करून घ्यावं की नाही, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. आमचं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. कंपन्या सामील आहेतच. क्षयाचं औषध त्या बनवतात, तपासणीचं यंत्र त्या बनवतात, आणि ज्याला क्षय होतो तो माणूस बऱ्याचदा त्यांच्याकडेच कामाला असतो. तेव्हा प्रश्न सामील करण्याचा नाही, कोणत्या नात्यानं हा आहे.

सरकारी कागदांत या नात्याला ‘भागीदारी’ म्हणतात. आता भागीदारी म्हणजे काय, हे कोपऱ्यावरचा किराणावालाही सांगेल. नफ्यात वाटा असेल तर तोट्यातही वाटा. १९३२ च्या भागीदारीच्या कायद्यातही धंद्याच्या देण्याला सगळे भागीदार बांधलेले असतात. आरोग्याच्या या भागीदारीत तोट्याचा वाटेकरी कोण? आम्ही शोधलं, तर तिथं बहुतेक वेळा रुग्ण एकटाच उभा दिसतो.

आधी समोरच्याची बाजू नीट मांडू. २०१८ साली दिल्लीत आपण २०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१५ मध्ये आपल्याकडे लाखामागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये १८७. घट खरी आहे, पण मुक्ती अजून फार लांब आहे. एकट्या सरकारला हे झेपत नाही, पैसा आणि यंत्रणा असेल त्यानं हात लावावा, हा युक्तिवाद खोटा नाही. कंपनी म्हटलं की नाक मुरडायचं, ही आमच्या पिढीतल्या काही विद्वानांची सवय आम्हालाही मान्य नाही.

आता आपल्या भाषेकडे बघा. ‘देणगी’ आणि ‘देणं’ हे दोन्ही शब्द ‘देणे’ याच क्रियापदातून आले. पण देणगी देणारा दाता ठरतो, आणि देणं असलेला ठरतो देणेकरी. देणगी नाही दिली तर कोणी जाब विचारत नाही. देणं नाही दिलं तर वसुली होते. कांटनं पूर्ण आणि अपूर्ण कर्तव्य असा जो भेद केला, त्याच्या जवळचंच हे आहे. एक कर्तव्य असं की ते चुकवायला सवलतच नाही. दुसरं असं की कधी, किती, कोणाला, हे करणाऱ्यानं ठरवावं. आमची तक्रार एवढीच की क्षयाच्या बाबतीत कंपन्यांचं जे देणं आहे, ते आपण देणगीच्या खात्यात मांडू लागलो आहोत.

पहिलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. तिथल्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिकपासूनचे मजूर पिढ्यान् पिढ्या राबले. खडक फोडताना सिलिकाची धूळ छातीत जाते, त्यानं सिलिकोसिस होतो, आणि तसल्या फुप्फुसात क्षय फार सहज घर करतो. माणूस खोकायला लागला की गावी परत. म्हणजे सोनं खाणीबाहेर गेलं, आणि रोग मजुराच्या घरी गेला. अखेर मजुरांनी एकत्र दावा लावला. २०१९ च्या जुलैत जोहान्सबर्गच्या न्यायालयानं सहा कंपन्यांबरोबरच्या तडजोडीला मान्यता दिली. रक्कम सुमारे पाच अब्ज रँड, आणि हक्क मोजायचा तो १९६५ पासून. या कंपन्याही लढ्यात सामील झाल्या म्हणायच्या! पण कोणत्या नात्यानं? देणेकरी म्हणून.

आपल्याकडेही हे नातं कायद्यात आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ज्याला कामगार ‘ईएसआय’ म्हणतात त्यात, अटींत बसणाऱ्या क्षयरोग्याला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ऐंशी टक्के मिळण्याची सोय आहे. पण ठेकेदार बदलला की हजेरीपटावरून ज्याचं नाव पुसलं जातं, त्याला ही सोय कशी मिळणार?

एक घरातली गोष्ट सांगतो. आमचे एक चुलते मुंबईत एका गिरणीत साच्यावर होते. त्यांना क्षय झाला. घरात तो शब्द उच्चारत नसत, ‘छातीचं दुखणं’ म्हणत. वर्षभरानं बरे होऊन ते गिरणीच्या फाटकाशी गेले, तर साच्यावर दुसरा माणूस. त्यांना बदलीच्या रांगेत उभं केलं. त्या दिवाळीत गिरणीकडून घरी फळांची करंडी आली. आम्ही लहान होतो, आम्हाला मोसंब्यांचा आनंद. काकूनं मात्र करंडीला हात लावला नाही. तिनं कांट वाचला नव्हता, पण देणगी आणि देणं यातला फरक तिला पक्का कळत होता.

दुसरं नातं औषध बनवणाऱ्याचं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे औषध २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झालं. चाळीसेक वर्षांत क्षयासाठी नव्या प्रकारचं औषध आलं नव्हतं, म्हणून जॉन्सन अँड जॉन्सनचं श्रेय मोठं. वीस वर्षांचं पेटंट हा समाजानं केलेला करार आहे, तोही आम्हाला मान्य. पण मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत असताना, त्याच औषधाच्या एका क्षाराच्या स्वरूपावर आणखी चार वर्षं मागितली गेली. त्याला दोन तरुणींनी हरकत घेतली, मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि उपचारातल्या औषधांनी दोघींचं ऐकणं हिरावलेलं. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदीतला या औषधाचा दर निम्म्याहून खाली, सहा महिन्यांच्या उपचाराला १३० डॉलरवर आला, आणि १३४ देशांत उरलेली पेटंटं बजावणार नाही, असं कंपनीनं जाहीर केलं. या निर्णयाचं स्वागतच आहे. पण तो आला हरकती, टीका आणि स्पर्धा यांच्या रेट्यानंतर.

म्हणजे नफा हे पाप आहे का? मुळीच नाही. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ यंत्र बघा. बॅटरीवर चालतं, वातानुकूलित खोली लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात टेबलावर मावतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. ही कंपनी दान करत नाही, विकते. उपयोगी वस्तू परवडेल अशा दरानं विकणं हा सरळ व्यवहार आहे, आणि त्याला ‘सेवा’ म्हणायची गरज नाही.

तिसरं नातं दात्याचं. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ योजना सुरू झाली. माणूस, संस्था किंवा कंपनी रुग्ण दत्तक घेते आणि दरमहा धान्याची टोपली देते. अन्न हे क्षयात औषधाइतकंच मोलाचं आहे. झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासात, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला, रुग्णाच्या घरातल्यांना पुरेसा आहार दिल्यावर त्यांच्यात नव्यानं होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी दिसला. मग आम्हाला कोणी विचारील, “अहो, भुकेल्याला काय करायचंय तुमच्या देणगी आणि देण्याशी?” आक्षेप रास्त आहे. पहिल्या महिन्यात काहीच करायचं नाही. पण तिसऱ्या महिन्यात टोपली आली नाही, तर तो विचारणार कोणाला? मित्राकडे तक्रार करता येते, वसुली नाही करता येत.

गंमत म्हणजे कायद्याला हा भेद कळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. पण केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. का? कारण ते आधीचं देणं आहे! मग परगावच्या शंभर रुग्णांना टोपल्या देणाऱ्या कंपनीला आपण हे का विचारत नाही, की तुमच्या ठेक्यावरच्या खोकणाऱ्या माणसाला सहा महिन्यांनी त्याची जागा परत मिळते का?

कोणी म्हणेल, असं विचारलं तर कंपन्या येणारच नाहीत. देणगी घेऊन येणार नाहीत कदाचित. देण्यातून मात्र त्यांना पळता येत नाही, म्हणून तर ते देणं. आम्ही देणगीच्या विरुद्ध नाही, क्रमाच्या बाजूनं आहोत. आधी कामगाराची जागा आणि पगार, मग औषधाचा वाजवी दर, मग टोपली. पुढच्या वेळी टोपलीवाटपाचा फोटो वर्तमानपत्रात दिसला, तर पहिल्या दोन गोष्टींची चौकशी करा. उत्तर समाधानकारक आलं तर टाळ्या जरूर वाजवा. आम्हीही वाजवू.

इथं थांबतो.