धूप आणि धूर : एका रूढ अर्थनिर्णयाविषयी

धर्मग्रंथांतील व पूजाविधीतील प्रतीकांवर लिहिताना आपल्याकडील अभ्यासक धुराचा उलगडा बहुधा एका वाक्यात करून मोकळे होतात : धूर वर जातो, म्हणून तो ईश्वराकडे जाणाऱ्या प्रार्थनेचे प्रतीक होय. पदव्युत्तर प्रबंधिकांतून हे विधान इतक्या वेळा वाचावयास मिळते की, त्याला आधार विचारण्याचेही कोणास सुचत नाही. आधार आहे, परंतु तो बायबलात आहे. 141व्या स्तोत्रात प्रार्थनेला धूपाची उपमा दिलेली आहे आणि प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात धूपाचा धूर भक्तांच्या प्रार्थनांसह देवासमोर चढतो. तेथे हा अर्थ ग्रंथानेच सांगितला आहे. तो उचलून आपल्या देवघरावर चिकटविण्यापूर्वी आपली भाषा काय म्हणते, हे पाहणे अवश्य होते.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेसारख्या गावी गोवरीच्या एकाच निखाऱ्यावर दोन भिन्न क्रिया होऊ शकतात. त्यावर ऊद टाकून तो देवापुढे फिरविला, तर तो धूप. तोच निखारा डास घालविण्यासाठी गोठ्यात नेला, किंवा ओवा-वावडिंग टाकून न्हाणलेल्या बाळाजवळ धरला, तर तो धूर किंवा धुरी. देवाला आपण नैवेद्य दाखवितो तसाच धूप दाखवितो. 'देवाला धूर दाखविला' असे मराठी माणूस म्हणणार नाही. धुरी द्यावयाची ती बाधा, कीटक, दृष्ट यांना घालविण्यासाठी. एक शब्द आवाहनाचा, दुसरा निवारणाचा. हा भेद साधित शब्दांतही टिकला आहे : धूप ठेवावयाचे ते धुपाटणे, धूर जावयाचे ते धुराडे. (नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कोळशावरील वीजकेंद्र आल्यापासून दुसऱ्या शब्दाचा अर्थ तेथील मुलांना कोशात पाहावा लागत नाही.) 'उदबत्ती' हा शब्द तर अरबी 'ऊद' आणि आपली 'बत्ती' यांचा संसार आहे; त्यात सुगंधी द्रव्य आहे, वात आहे, धूर मात्र नाही.

पूजाविधीही हेच सांगतो. धूप अर्पण करताना देवतेला विनंती केली जाते ती त्याचा वास घेण्याची. धूर वर चढण्याचा तेथे प्रश्नच नाही. मानसपूजेत पंचोपचारांची पंचमहाभूतांशी सांगड घालतात, तेव्हा गंध पृथ्वीला, दीप अग्नीला आणि धूप वायूला जातो. ही योजना मला फार महत्त्वाची वाटते. जळण्यातून निघालेला धूप अग्नीचा न मानता वायूचा मानला, म्हणजे विधीने त्याचे अग्नीशी असलेले नाते बुद्ध्याच तोडले. धूर मात्र अग्नीपासून कधी सुटत नाही. शास्त्रग्रंथांत तो येतो तो या नात्यासह.

नैयायिकांच्या परिभाषेत धूर हे 'लिंग' आहे : पर्वतावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते. पर्स यांनीही चिन्हांचे वर्गीकरण करताना धुराला सूचकांत घातले, प्रतीकांत नव्हे. कारण धुराचा अग्नीशी असलेला संबंध संकेताने ठरत नाही, कार्यकारणभावाने ठरतो. परंतु हे अनुमान उलटे चालत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि यालाच ते 'उपाधी' म्हणतात. हेच ओले सरपण बृहदारण्यकात निराळ्या कामी आले आहे : ओल्या इंधनाच्या अग्नीतून धुराचे लोट निघावेत, तसे त्या महद्भूतातून ऋग्वेदादी सर्व वाङ्मय निघाले, असे याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो. येथे धूर म्हणजे प्रत्यक्ष श्रुती! धुराला केवळ मालिन्याचे चिन्ह मानणाऱ्यांनी या स्थळापाशी थांबावयास हवे. उलट कठोपनिषदात अंतःस्थ पुरुषाला धूररहित ज्योतीची उपमा आहे. तेव्हा 'धुराचा अर्थ काय' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. विचारावयाचे ते त्या स्थळी धुराचे अग्नीशी नाते कोणते, हे.

या दृष्टीने गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अडतिसावा श्लोक आणि त्यावरील ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून वाचावी. गीतेत अग्नी धुराने, आरसा मळाने आणि गर्भ वारेने झाकला जातो. क्रियापद आवरणाचे आहे, आणि आवरण दूर करता येते. शके 1212च्या ज्ञानदेवांनी दृष्टान्त तेच घेतले, पण वाक्याची घडण पालटली. धुराशिवाय अग्नी कधी असतच नाही, असे ते म्हणतात. आणि मूळ श्लोकात नसलेला एक दृष्टान्त त्याच्या पंक्तीला बसवितात : प्रभेशिवाय सूर्य. नैयायिकाला हे विधान मुळीच मान्य होणार नाही. त्याचा लोखंडी गोळा तयारच असतो. टीकाकाराने मूळ सैल केले, असा आक्षेपही घेता येईल. मला तो पटत नाही. प्रभा हे सूर्यावरील आवरण नव्हे; तिला धुराच्या जोडीस बसविले, त्या क्षणी धूर अग्नीचा शत्रू उरला नाही, सोबती झाला. कामक्रोधांवाचून एकटे असे ज्ञान आपण पाहिलेलेच नाही, असे ज्ञानदेव पुढे सांगतात, आणि त्याला दाखला देतात तो यज्ञातला नव्हे, शेतातला : कोंड्यात गुंतूनच निपजणाऱ्या बीजाचा.