मोहाचे झाड आणि उपासनामंदिराचे आवार

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुराणकथा व विधी हा त्याचा विषय. तो पाळकांनी व धर्मशिक्षकांनी का वाचावा, असा प्रश्न साहजिक आहे. सृष्टीची निगा राखण्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. त्या बोलण्याची कसोटी या ग्रंथात सापडते, हे त्याचे उत्तर.

१९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने लेखकास या भागाच्या अभ्यासाकरिता पाचारण केले. मार्लवाई येथे राहून व गोंडी भाषा शिकून त्यांनी लेखन केले. (२०१६ च्या विभाजनानंतर ही दोन्ही गावे कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात.) नवी मोहफुले देवास अर्पण केल्यावाचून न खाण्याची गोंडांची रीत वाचताना अनुवादाच्या २६ व्या अध्यायातील प्रथमफळांची टोपली आठवते. दोन्हीकडील उपासना एक नव्हे. हा भेद पुसणे उचित होणार नाही. तथापि अन्न हे आधी दान व मग भोग, ही जाण दोहोंकडे आहे.

ग्रंथाची उणीव ही की, वृक्षाकडे त्यात मुख्यत्वे विधीच्या अंगाने पाहिले जाते. मोह रात्री फुलतो, वटवाघळे त्याचे परागीभवन करतात, पहाटे गळलेली फुले स्त्रिया वेचतात आणि पुढे बियांचे तेल निघते. ही जीवनसाखळी कळल्याशिवाय अर्पणाचाही अर्थ पुरता कळत नाही.

आपली आवारे मात्र मादागास्करच्या गुलमोहराने व ऑस्ट्रेलियाच्या निलगिरीने सजलेली असतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील झाडे डोळ्यांना सुखविणारी तशीच पोट भरणारीही आहेत. मोह, चारोळी, टेंभुर्णी व आवळा ही दोन्ही कामे करतात. त्याच अध्यायात बागेच्या मशागतीसाठी योजलेल्या ‘आबद’ या इब्री धातूचा अर्थ सेवा करणे असाही आहे. ज्याची सेवा करावयाची, त्याची ओळख नको काय?

परंतु वृक्षारोपण स्वभावतःच निष्पाप असते, असे मानू नये. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा गोंड कुटुंबे आपल्या शेतांना मुकली, हे याच लेखकाच्या ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) या ग्रंथातून दिसते. २०१५ साली तेलंगणात सुरू झालेल्या ‘हरित हारम’ योजनेतील रोपे वादग्रस्त जमिनीत लावण्यावरून २०१९ साली सारसाला येथे वनकर्मचाऱ्यांवर हल्ला झाला. हिंसा निषेधार्हच होय. पण रोप कोणाच्या भूमीत लावले जाते, हा प्रश्न तिने मिटत नाही.

म्हणून मंडळीने आरंभ स्वतःच्या आवारापासून करावा, आणि बी शेजारच्या गोंड वा कोलाम वृद्धांकडून मागून घ्यावे. मोहास फुलण्यास अनेक वर्षे लागतात. तोवर लावणाऱ्या पाळकाची बदली झालेली असेल. ती फुले दुसरा कोणी वेचील, हे मान्य करूनच खड्डा खणावा.